वंदनाचा हॅलो

हॅलोला मराठीत काय म्हणायचं, हे मला कोणी शिकवायला येऊ नका. आमच्याकडे किन्हवलीला एकदा एक पाहुणे जेवायला होते. ते सांगत होते, फोन उचलल्यावर हॅलो बोलू नये, तो परका शब्द. मी वाढता वाढता थांबली. बोलली, "भाऊजी, मग काय बोलायचं? नमस्कार? तिकडे शेतावरून बाई ओरडते हाय, म्हशीने दावं तोडलं म्हणून, आणि मी हिकडून तिला हात जोडत बसू?" पाहुणे भात कालवायला लागले. परका म्हणे. आमच्या ओटीवर दिवसभर हॅलोच चालू असतो, परका कसला तो, घरचाच झालाय आता.

आणि तो काय एकच असतो? एक फोन उचलल्यावरचा. एक रेंज गेल्यावरचा, तो बोलत बोलत माणूस ओटीवरून अंगणात जातो, अंगणातून बांधावर, आणि बांधावर पोचल्यावर कळतं की समोरच्याने केव्हाच फोन ठेवलाय. माझा आवडता मात्र तिसरा. खर्डी स्टेशनला रिक्षाच्या लाइनीत कोण मध्येच घुसलं की मी एवढंच बोलते, "ओ हॅलो." बस. त्याची अक्कल, त्याचं खानदान, सगळं त्यात आलं, आणि शिवी दिली म्हणून कोणी बोट दाखवू शकत नाय.

पण हॅलो बोलावा तर आमच्या वंदनानेच.

वंदना शाळेत माझ्या बाकावर बसायची. तिचे वडील नथूमामा. आख्ख्या किन्हवलीत पहिला लाउडस्पीकर त्यांच्याकडे आला. जयंतीची मिरवणूक असो, कोणाची हळद असो, नथूमामांचे कर्णे झाडाला टांगलेले असायचे आणि खाली वंदना माइकला चिकटलेली. आता शहापूरपासून मुरबाडपर्यंत लग्नं म्हणू नका, क्रिकेटचे सामने म्हणू नका, सगळीकडे माइकवर तीच. बाईमाणसाने कशाला माइकवर बोलायचं, असं म्हणणारे होते ना, तेच आता लग्नाची तारीख धरायच्या आधी तिला विचारतात, ताई मोकळ्या आहात ना.

लग्नात तिचा नुसता हॅलो ऐकून मी पुढचं ओळखते. आवाजात साखर आली की समजायचं, कोणीतरी पुढारी मंडपात शिरलाय. घाईघाईचा आला की नवरीच्या मामाचा पत्ता नाय. आणि लांबडा, शांत हॅलो आला की पंगत बसते, आपण उठायला लागायचं. माणसाचं बोलणं असं पाहिजे. आम्ही एवढं बोलतो दिवसभर, कोणाला काय कळतं?

तर ह्या वर्षीची मुरबाडकडच्या म्हशा गावची जत्रा. माझी सासू जनाबाई, मी तिला आत्या बोलते, तिचं गेल्या दोनतीन वर्षांपासून सगळं विसरायला झालंय. जेवून हात धुतला की विचारते, भात टाकला का गो. पण जत्रा विसरली नाय. पौष लागल्यापासून एकच धोशा, जत्रेला न्या. माझा नवरा काळूराम बोलला, "नको. गर्दीत हरवली तर?" मी बोलली, "मी काय तिचा हात सोडणार हाय?"

आणि जत्रेत ब्लँकेटच्या दुकानापुढे मी हात सोडला. ब्लँकेटची ऊब एका हाताने कळत नाय, दोन्ही हातांनी दाबून बघावी लागते. दाबून बघितली, भाव केला, वळली, तर आत्या नाय.

सुरुवातीला मला रागच आला. वाटलं, सापडू दे, चांगली खरडपट्टी काढते. घोंगडीवाले बघितले, बांगड्यांची दुकानं बघितली, जिलेबीच्या कढईसमोर जाऊन आली, कारण गोडाला ती कधी नाय बोलत नाय. तिथेही नव्हती. मग रागाचं पाणी झालं. ऊन उतरायला लागलं होतं, आणि म्हशाला ऊन उतरलं की थंडी पायातून वर चढते. तिच्या अंगावर नुसतं लुगडं. एका अंगाला बैलबाजार, दुसऱ्या अंगाला मुरबाडचा रस्ता, त्यावर टेम्पोंची रांग. आणि आत्याचं डोक्यातलं गेलंय, पायातलं नाय गेलं. चालायला लागली तर तरण्या माणसाला आवरत नाय. अंधाराच्या आत हाती लागली नाय, तर पुढे सगळं रान. मी देवळाकडे धावली.

सूचना द्यायचा मंडप देवळाच्या बाजूला होता आणि माइकवर वंदना होती. मला बघून ती उठलीच. मी सांगितलं ते तिने ऐकून घेतलं आणि माइक पुढे ओढला.

"हॅलो, हॅलो. सर्वांनी लक्ष द्या. किन्हवलीच्या जनाबाई, वय अंदाजे पंचाहत्तर, हिरवं लुगडं, जिथे असतील तिथून त्यांनी सूचनेच्या मंडपात यावं. त्यांची सून इथे वाट बघते आहे."

पुन्हा बोलली. पुन्हा बोलली. तोवर बैलबाजाराकडून काळूराम धावत आला. त्याने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या रिकाम्या हाताकडे. मग माझं डोकं सटकलं ते वंदनावर.

"अगो, तिला मंडप कुठे हाय ते माहीत असतं, तर ती हरवली असती का? आणि जनाबाई कोण ते तरी तिला ठाऊक हाय का? घरी जनाबाई म्हणून हाक मारली तर ती शेजारणीला सांगते, जा गो, तुला बोलावतात."

दुसरी कोणी असती तर मला बाहेर काढलं असतं. वंदनाने माइकवर हात ठेवला आणि विचारलं, "मग ओ कशाला देते?"

"कशालाच नाय देत."

"असं नसतं. नीट आठव. काय ऐकलं की ती वळून बघते?"

मी सांगणार होती की काहीच नाय. पण काळूराम बोलला, "फोनला."

खरंच. फोन वाजला की ती धावते. नुसता वाजायला पण नको. आमचा शेजारी मंगळू रस्त्याने हॅलो हॅलो करत जातो, तर ही ओटीवरून त्याला उत्तर देते, "हां, बोल, ऐकू येतं." तो बिचारा त्याच्या गिऱ्हाइकाशी बोलत असतो. टीव्हीत कोणी फोन उचलला तरी ही हात कानाला लावून हॅलो बोलते. तिला वाटतं जगातले सगळे फोन तिलाच येतात. आणि दरवेळी पहिलं काय विचारते, तर "बय हाय का?" बय म्हणजे तिची आई. ती माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी वारली. फोन तिने जन्मात बघितला नसेल.

हे सांगता सांगता माझा मलाच राग आला. सासू थंडीत कुठे फिरते हाय आणि मी हिला घरच्या गमती सांगते. पण वंदना हसत नव्हती. ती विचार करत होती.

"अनिता, आता मी फक्त हॅलो बोलते," ती बोलली. "माइकवरून. जशी आपण घरच्या माणसाला फोन लावतो तशी."

"म्हणजे तू तिची बय होणार? मेलेल्या माणसाचं सोंग करणार, माइकवर?"

"मी कोणाचं नाव सांगणार नाय. मी कोण ते मी बोलणारच नाय. हॅलोच्या पलीकडे कोण हाय ते तिचं ती ठरवेल."

 काळूराम बोलला, "बोला ताई तुमी."

वंदनाने आधी जत्रा गप्प केली. हे कोणी सांगितलं असतं तर मी खरं मानलं नसतं. म्हशाची जत्रा कधी गप्प होते का? पण तिने माइक तोंडाशी धरला आणि एकेकाला उभं केलं. "ओ पाळणेवाले, हॅलो, गाणं बंद करा. पाळणा फिरू दे, गाणं बंद. पिपाण्यावाले, पिशवीत टाका त्या पिपाण्या. ब्लँकेटवाले भाऊ, तुमचा भाव सगळ्यांना पाठ झालाय, आता जरा थांबा. एक आजी हरवलीय. मी आता तिच्याशी फोनवर बोलणार हाय. तुमच्या आसपास कोणी म्हातारी कानाला हात लावून उत्तर देत असेल, तर तिला हात लावू नका, अडवू नका. अनोळखी हात लागला की ती चावते." हे मी तिला सांगितलं होतं, मागे नर्सबाईला चावली होती. "फक्त मला फोन करा." तिने नंबर सांगितला आणि थांबली.

पाळण्याचं गाणं बंद झालं. मग एकेक करून बाकीचे भोंगे बंद पडले. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज मंडपापर्यंत आला, तो सकाळपासून ऐकू आला नव्हता.

आणि मग वंदना बोलली, "हॅलो?"

मी तिचे कितीतरी हॅलो ऐकलेत. हा नव्हता ऐकला. त्यात सूचना नव्हती, मंडप नव्हता, कोणाची घाई नव्हती. सकाळची कामं आवरून, पदराला हात पुसून, लेकीला फोन लावल्यावर आई जशी बोलते, तसा. मला माझी आई आठवली. ती धसईला असते, चांगली धडधाकट हाय, आणि तिला आठवडाभर फोन केला नव्हता.

"हॅलो... आवाज येतो का गो?" मग थांबली, समोरचं माणूस बोलायला जेवढा वेळ घेतं तेवढी. "हां. जेवलीस का?" पुन्हा थांबली. "थंडी हाय. डोक्यावरून पदर घे."

मंडपाबाहेर चणेवाली बसली होती, साठीची असेल. तिने डोक्यावरून पदर घेतला. तिच्या पलीकडे दोघीजणी चालल्या होत्या, त्यातली एक हळूच बोलली, "जेवली." मी स्वतः माझा पदर सारखा केला, तेव्हा दुसऱ्यांना काय हसू?

वंदनाचा मोबाइल वाजला. काळूरामने घेतला. उसाच्या गाड्यावरून कोणीतरी सांगत होतं, इथे एक आजी हॅलो बोलते. काळूराम फोन माझ्या हातात देऊन पळत सुटला, पण तो मंडपाच्या दोरीपर्यंत पोचतोय तोवर दुसरा फोन आला, मी घेतला, देवळामागून, इथे एक आजी रडते हाय आणि हॅलो बोलते. मग तिसरा. जत्रेत एवढ्या म्हाताऱ्या आपापल्या बयशी बोलायला लागल्या होत्या की मला कळेना कोणाकडे जायचं. वंदना मध्ये बोलणं तोडू शकत नव्हती. तिने माइक न हलवता मला नुसतं कानाकडे बोट करून दाखवलं. मी प्रत्येकाला विचारलं, हात कानाला हाय का? हिरवं लुगडं हाय का? चौथ्या फोनवर भांडी विकणारी एक बाई होती. ती कुजबुजत बोलली, "हिरवं लुगडं. हात कानाला. हंड्यांना टेकून बसलीय, आणि बाई, एवढं बोलते ती."

"बोलत राहा," मी वंदनाला बोलली. "तू फोन ठेवलास की ती उठून चालायला लागेल."

वंदनाने मान हलवली आणि मी धावली.

भांड्यांची दुकानं जत्रेच्या पार दुसऱ्या टोकाला. मी धावते हाय आणि डोक्यावरच्या प्रत्येक कर्ण्यातून वंदना बोलते हाय. "हां... मग?... होय काय..." समोरून उत्तर येत नाय, कोण काय बोलतं ते ऐकू येत नाय, तरी ती बरोबर थांबते, बरोबर हुंकार देते. माइकवरच्या माणसाला बोलणं जड नसतं, गप्प बसणं जड असतं. मंत्र्यांना जमत नाय ते. ही बाई हजार माणसांसमोर माइक उघडा ठेवून गप्प बसत होती, कारण पलीकडे कोणाला तरी बोलायचं होतं. मला तिचा एवढा अभिमान वाटला की वाटेत दोघांना सांगितलं, "माझ्या बाकावर बसायची ती." त्यांना काय कळलं असेल देव जाणे.

आत्या हंड्यांच्या उतरंडीला टेकून बसली होती. उजवा हात कानाला, हातात काय नाय, नुसता तळहात. भांडीवालीने तिच्या खांद्यावर न शिवता एक गोणपाट ठेवलं होतं. आजूबाजूला माणसं उभी होती, पण लांब, आणि कोणी फोनने फोटो काढत नव्हतं. मी पुढे झाली तर आत्याने डाव्या हाताने मला थांबवलं. फोन चालू असताना मध्ये बोलू नये, हे तिनेच मला शिकवलंय.

"गुडघं दुखतात गो बय," ती सांगत होती. "नाय, भात बरा झाला औंदा. हां."

"मग?" वरून वंदना.

"सून हाय ना. कुठं गेली काय माहीत, इथंच होती. तोंडाची लय तिखट. माझ्याशी भांडते."

भांडीवालीने माझ्याकडे बघितलं. मी खाली हंड्यांकडे बघितलं.

"हां," वंदना बोलली. "बोल तू. मी ऐकते."

"भांडते, पन तीच एक भांडते बय. बाकीचं समदं, हां आजी, बरं आजी, आन पुढं जातात. मी दिवसाला रात्र बोलली तरी बरं आजी. मी काय येडी हाय? ही तसं नाय करत. ही बोलते, आत्या, खोटं बोलतेस तू. मग मी बोलते, ती बोलते. भांडून झालं ना, की मला भूक लागते."

 घरी रोज संध्याकाळी आमचं वाजतं. काळूराम बोलतो, कशाला तिच्या तोंडी लागतेस, तिला काय कळतं. मला वाटायचं, माझा स्वभावच खवीस, त्याला मी काय करू.

मी तिच्या बाजूला जमिनीवर बसली. तिने माझ्याकडे बघितलं. ओळखलं की नाय ते सांगता येत नाय, पण बघितलं निवांत.

"कोन गो?"

"सून," मी बोलली.

"बय, आली बघ ही," ती तळहातात बोलली. "रडते हाय कशाला काय माहीत. थांब, देते तिला." आणि कानाचा हात काढून तिने तो माझ्या कानाला लावला. "घे. बोल."

हात गार पडला होता आणि त्याला चुलीच्या राखेचा वास होता. वर कर्ण्यातून वंदनाचा आवाज आला, "हॅलो? आहेस ना गो?"

मी हॅलो बोलली. पण हळूच.

आत्याने मला कोपराने ढोसलं. "मोठ्यानं बोल की," बोलली. "तिला ऐकू कमी येतं."

मग मी मोठ्याने बोलली.